वंगीच्या पोटावरचे केस

११ जानेवारी

प्रिय बेबी,

तुझं पत्र पोचलं. वंगी कशी आहे ते तू पहिल्या ओळीपासून विचारलं आहेस आणि मी कशी आहे ते सहीच्या जरा वर. म्हणून आधी वंगीचं सांगते.

तिच्या पोटावर केस उरलेले नाहीत. मागच्या मांड्याही आतून उघड्या पडल्यात. मानेवर खसखशीसारख्या बारीक खपल्या आहेत, हात फिरवला की बोटांना लागतात. दिवसभर चाटत असते. तिच्या जिभेची खरखर मला शिवणाचं मशीन चालू असतानाही ऐकू येते.

तू लिहितेस की ती दादासाठी झुरते आहे. इथेही सगळे तेच म्हणतात. हे गेले त्याला सहा महिने होतील, आणि तेव्हापासून या घरात जे काही बिघडेल त्याला लोक दुःखच म्हणतात. मोरीतला नळ गळायला लागला तर वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, घरातलं माणूस गेलं की असंच होतं बघा. मी वॉशर बदलला, नळ थांबला. तेव्हा म्हटलं, मांजराचा वॉशर कुठला ते तरी बघून यावं.

गुरुवारी तिला पिशवीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण आहे, केस आखूड, दोन्ही हातांवर ओरखडे. तिने बारीक दातांच्या फणीने वंगीला विंचरलं आणि जे पडलं ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटकलं. काळ्या कणांभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची घाण, कारण त्यात प्यायलेलं रक्त असतं. एकाच कणाभोवती पसरला. मी म्हटलं, मग पिसवा नाहीतच म्हणायच्या. ती म्हणाली, "काकू, हिला इतकी खाज आहे की ही पिसवा चाटून गिळून टाकत असेल. दिसत नाहीत म्हणजे नाहीत असं मांजराच्या बाबतीत धरायचं नाही." काही मांजरांना पिसवेची लाळच सोसत नाही म्हणे. एक चावली तरी अंगभर खाज.

मी तुझा प्रश्नही विचारला. दुःखाने असं होतं का हो? ती म्हणाली, "होतं कधीकधी. पण दुःखी आहे म्हणून जी मांजरं माझ्याकडे आणतात, त्यांतली बरीचशी नुसती खाजत असतात. दुःख सगळ्यात शेवटी धरायचं. आधी खाज शोधायची."

मानेवर थेंब टाकायचं औषध दिलंय, महिन्यातून एकदा. अंथरुणं गरम पाण्यातून काढायची. काढते आहे.

मी बरी आहे. गुडघा धरतो.

तुझी,
वहिनी


२० जानेवारी

वहिनी, नमस्कार.

पत्र वाचून दिवसभर काही सुचलं नाही. डॉक्टरांना काय, त्यांना कातडी दिसते. आतलं कुणाला दिसतं?

दादाने तिला लिफ्टच्या खड्ड्यातून काढलं तो दिवस मला आठवतो, मी तुमच्याकडेच होते. आला तो पान्ह्यांच्या पिशवीत हात घालून, आणि काढलं ते काळं, चिकट, वीतभर, ओरडणारं काहीतरी. अख्खं वंगणात बुडालेलं. तुम्ही म्हणालात, हे आधी बाहेर न्या. तो म्हणाला, "ही माझी वंगी, आता ही इथेच." दोन मजल्यांमध्ये लिफ्ट अडली तरी न घाबरणारा माणूस, पण तिला पुसताना तो पुन्हा पुन्हा विचारत होता, हिला दुखत तर नाही ना? जेवायला बसला की ती त्याच्या मांडीला टेकून बसायची. आता ती मांडी नाही. ती पोट नाही चाटणार तर काय करेल?

स्पष्ट बोलते, राग मानू नका. दादा गेला आणि आठवड्याच्या आत तुम्ही त्याचे कपडे वाटून टाकलेत. दुसऱ्या आठवड्यात मशीनवर बसलात. भेटायला येणाऱ्या लोकांसमोर मी रडत होते आणि तुम्ही त्यांना चहाला विचारत होतात. तुमच्या डोळ्यांत मी पाणी पाहिलं नाही. त्या घरात त्याच्यासाठी झुरणारा एक तरी जीव आहे, इतकाच मला आधार होता. आणि तुम्ही त्याला पिसवा म्हणता.

वंगीला माझ्याकडे पाठवा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा दिवस रिकामाच असतो. तिला कुणीतरी जवळ घेणारं हवं आहे.

बेबी


३ फेब्रुवारी

प्रिय बेबी,

तू "तुम्ही" म्हणायला लागलीस, म्हणजे रागावली आहेस. असू दे. पोटात ठेवण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

कपडे वाटले कारण लिफ्टच्या कामावरच्या मुलांना ते अंगाला येत होते आणि पावसात त्यांचे कपडे वाळत नव्हते. एक बनियन ठेवला होता. त्याचं पुढे सांगते. चहाचं म्हणशील तर लोक चालत आले होते.

आता वंगी. थेंबांनी मानेच्या खपल्या थोड्या कमी झाल्या, पोट तसंच. डॉक्टरणीने खोलीत अंधार करून निळ्या दिव्याखाली तिला पाहिलं, बुरशी नाही. कातडीला चिकटपट्टी लावून ती काचेवर घेतली, किडे नाहीत. आता म्हणते खाण्याची परीक्षा घेऊ. आठ आठवडे एकच खाणं, तिने दिलेलं, पाकिटातलं. त्यातली प्रथिनं आधीच इतकी बारीक तोडलेली असतात की अंगाला ती ओळखू येत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे नको असलेला पाहुणा वेष बदलून आला की घरचे भांडत नाहीत, तसं? ती हसली. म्हणाली, तसंच. पण त्या आठ आठवड्यांत दुसरा एक घासही पोटात जायला नको. दूध नाही, मांस नाही, जमिनीवर सांडलेलंसुद्धा नाही. एकदा चुकलं तरी सगळं पहिल्यापासून.

तुझा दादा जेवताना तिला सुके मासे चिमटीने द्यायचा. हे गेल्यावरही मी ते चालू ठेवलं होतं. तेही बंद. वंगी जेवणाच्या वेळी माझ्यासमोर येऊन बसते आणि माझ्या हाताकडे बघते. मी हात दाखवते, बघ, काही नाही. ती जात नाही. मीच उठते.

गळ्यात घालायची ती प्लॅस्टिकची चकती तिने पहिल्याच दिवशी पलंगाच्या पायावर आपटून फोडली. म्हणून बनियन कापून तिला अंगरखा शिवला, पोटाखाली बटणं. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड तेवढं एकच होतं घरात. त्यात ती तुझ्या दादासारखीच दिसते, पुढून रुबाबदार आणि मागून ढगळ.

परीक्षेच्या मधेच मांजर हलवत नाहीत. म्हणून पाठवणार नाही. शुक्रवारी एका घराचे सगळे पडदे द्यायचे आहेत, तेव्हा इथेच थांबते.

वहिनी


१४ फेब्रुवारी

वहिनी,

बनियनचं वाचून मी आधी हसले आणि मग बराच वेळ रडले. मागच्या पत्रात जास्त बोलले. तू विसरणार नाहीस हे मला माहीत आहे, पण तू बोलूनही दाखवणार नाहीस.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात येते. आठ दिवस राहीन. तुझ्या मशीनच्या मधे येणार नाही. वंगीजवळ बसेन, बस्स.

बेबी


१९ मार्च

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. घर उघडलं तर आत कोंदट वास, भिंतीवर शाळेतल्या मुलांनी काढलेली जुनी चित्रं, आणि बोलायला कुणी नाही. तुझ्याकडे निदान मशीनचा आवाज असतो.

वहिनी, मी आले तेव्हा वंगी बरी होती ना? पोटावर लव आली होती. मऊ, करडी, पीचच्या सालीसारखी. तू म्हणालीस पाकिटाचा गुण. पण तू आत शिवत असायचीस तेव्हा आम्ही दोघी संध्याकाळी गॅलरीत बसायचो. तिने मला ओळखलं. आवाज एकच आहे म्हणायचे सगळे, दादाचा आणि माझा. मी "वंगे" म्हटलं की ती मान वर करून बघायची, आणि मग पायाशी येऊन बसायची, त्याच्या मांडीला टेकायची तशी. इतके महिने तिला जे मिळालं नव्हतं ते मिळालं. मला तरी असं वाटतं.

परीक्षा संपली की तिला माझ्याकडे पाठवण्याचा विचार कर. जबरदस्ती नाही.

तुझी,
बेबी


२८ मार्च

प्रिय बेबी,

तू गेलीस आणि चार दिवसांनी वंगीने मान फाडून घेतली. मागच्या पायाने. मी मशीनवर होते. उठून बघते तर खांद्यापर्यंत ओलं रक्त, आणि ती तरी खाजवतेच आहे. अंगरख्याचं बटण तोडून पोटही चाटलं. जी लव तू पाहिलीस ती गेली.

मी थकले आहे गं. सांगायला काही वाटत नाही. दिवसातून दोनदा जखम पुसायची, ती मला ओरबाडणार, मग माझे हात पुसायचे. त्याच हातांनी लोकांचे पांढरे पडदे शिवायचे.

डॉक्टरणीकडे गेले. तिने पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, घरात कोणी आलं होतं का?" मी म्हटलं, नणंद आली होती. ती म्हणाली, "नणंदबाईंनी हिला काय दिलं?" मी म्हटलं, काही नाही, आमची बेबी जन्मभर वर्गावर पहारा देत आली आहे, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्याला उभं करणारी बाई आहे ती, नियम मोडायची नाही. ती म्हणाली, तरी विचारा.

म्हणून विचारते. रागावण्यासाठी नाही. नीट वाच.

तू काही दिलं नसशील तर याचा अर्थ असा की खाण्याचा आणि खाजेचा संबंध नाही. मग हवेतलं, धुळीतलं काहीतरी तिला सोसत नाही. ते टाळता येत नाही, त्यामुळे खाज दाबणाऱ्या गोळ्या सुरू करायच्या, आणि त्या बहुतेक कायमच्या. त्या गोळ्यांनी खाज थांबते, पण भूक वाढते, काही मांजरांना मधुमेह होतो. वंगी आता लहान नाही. पण दुसरा मार्गही नाही.

आणि दिलं असशील तर मात्र सगळंच बदलतं.

दिलंस का काही?

वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. मला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटलं, खरं सांगते.

मी काय देणार होते? मी तिच्याजवळ बसत होते. आणि तूच बघ, काय झालं ते. मी होते तोवर ती शांत. मी निघाले आणि चार दिवसांत तिने स्वतःला फाडून घेतलं. यात डॉक्टरला विचारण्यासारखं काय आहे? आधी दादा गेला, मग मीही गेले. दोनदा सोडून गेलेल्या जिवाने आणखी काय करावं? कुणीही समजेल. तूही समजशील, जरा शिवण बाजूला ठेवून तिच्याकडे पाहिलंस तर.

गोळ्या देऊ नकोस. तिला पाठव.

बेबी


१२ एप्रिल

प्रिय बेबी,

मी विचारलं त्याचं उत्तर तुझ्या पत्रात नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. "मी काय देणार होते" हे उत्तर नव्हे. तुझ्या वर्गातल्या कुणी असं लिहिलं असतं तर तू त्याला शून्य दिलं असतंस.

पुढच्या सोमवारी गोळ्या सुरू करायच्या आहेत. त्याआधी तुला एक सांगायला हवं.

वंगीने पोट चाटायला सुरुवात केली तेव्हा हे होते. अंथरुणावर होते, शेवटचे दोन महिने. ती त्यांच्या पायाशी बसून चाटायची. मी म्हटलं, अहो हिच्या पोटावर बघा, टक्कल पडतंय. त्यांनी मान उचलून पाहिलं आणि म्हणाले, "बेबीला सांगू नकोस. ती म्हणेल, जनावराला आधीच कळलं. मग रोज फोन करून विचारेल, आज किती चाटलं? त्याशिवाय तिचा दिवसच जायचा नाही." हसले, मग खोकला आला. ती त्या दिवसांतली शेवटची चेष्टा. तुझ्यावर केलेली. तुला सांगितली नाही.

तेव्हा हे घरातच होते, बेबी. तिच्या पंजाला लागण्याइतके जवळ. त्यांच्यासाठी ती झुरत असेल तर त्यांच्याच पायाशी बसून कशी झुरेल?

हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तू मात्र धरून बसली होतीस की ती रडते आहे, आणि त्यात तुला बरं वाटत होतं. मला वाटलं, वाटू दे. माझं त्यात काय जातंय? आता जातंय.

आणि माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचं. मला रडता येत नाही, म्हणजे येत होतं, आता येत नाही. तुला आठवतं, लग्न होऊन आले तेव्हा मला जोडाक्षरं धड वाचता येत नव्हती. हे कामावरून आले की हात धूत आणि म्हणत, वाच, काय वाचलंस आज? मग मी वाचायचे, हे ऐकायचे. अडले की सांगायचे नाहीत, थांबायचे. लिफ्टच्या दारावरच्या सूचनांपासून जाड जाड कादंबऱ्यांपर्यंत मी सगळं त्यांना ऐकवलं आहे. आता वाचनालयातून पुस्तक आणते, पान उघडते, ओळी दिसतात. कुणाला ऐकवायचं नाही म्हटल्यावर डोक्यात शिरतच नाही. तेच पुस्तक परत करते आणि तेच परत आणते. वाचनालयवाला म्हणतो, काकू, आवडलेलं दिसतंय. मी हो म्हणते.

मी शिवते कारण शिवताना वाचावं लागत नाही.

हे तुला दुखवायला लिहिलेलं नाही. मांजराला गोळ्या द्यायच्या की नाही एवढंच मला ठरवायचं आहे, आणि ते तुझ्या हातात आहे. दिलंस का?

वहिनी


१७ एप्रिल

वहिनी,

हो, दिलं. रोज.

हे पत्र पोचेपर्यंत सोमवार उलटेल म्हणून आज सकाळी दवाखान्याचा नंबर शोधून त्या डॉक्टरणीला फोन केला. म्हटलं, मी ती नणंद. ती म्हणाली, "बोला, मी वाटच बघत होते." मी सगळं सांगितलं. ती आधी बोलली, चांगलंच बोलली. मला शाळेत असं कुणी बोललं नव्हतं. मग एकदम थांबली आणि म्हणाली, "एक सांगू? आठ आठवडे झाल्यावर आम्ही मुद्दाम तेच खाणं परत देऊन बघतो. पुन्हा खाज आली म्हणजे खाणंच कारणीभूत, असं नक्की ठरतं. ते मी करणारच होते. तुम्ही आधी केलंत, न सांगता आणि भलत्या वेळी केलंत, पण केलंत." म्हणजे वंगीला सुके मासे सोसत नाहीत. दुसरं काही नाही. गोळ्या नकोत. तुला ती फोन करणार होती, केलाही असेल.

कसं दिलं ते तुला सांगायला हवं. तुझ्या घरात माशांची बरणी कपाटावर होती, तिला मी हात लावला नाही. खाली कोपऱ्यावरच्या दुकानातून आणत होते, थोडेसे, रुमालात बांधून. तू आत मशीन सुरू केलीस की मी गॅलरीत जायची. संध्याकाळी, त्याच्या जेवणाच्या वेळी. ती रुमालाचा वास ओळखायची. माझ्या आवाजाने नव्हती येत वहिनी, माशांनी येत होती. मला ते तेव्हाही माहीत होतं. पण टेकून बसायची ना. दादाच्या मांडीला टेकायची तशीच टेकायची. मी त्याच्यासारखी चिमटी धरायची, वरून. मला वाटायचं, हे एवढं तरी त्याचं माझ्याकडे आलं.

आणि ती खाजवून रक्त काढत असताना मी तुला लिहिलं की माझ्यासाठी झुरते आहे. ते लिहिताना मला आनंद होत होता. हे तुला कसं सांगू मला कळत नव्हतं, म्हणून आरोपीचा पिंजरा वगैरे लिहिलं.

दादाने माझी चेष्टा केली ते ठीकच आहे, मी रोज फोन केलाच असता. पण तू लिहिलंस की ती त्याच्या पायाशी बसून झुरेल कशी, आणि मला एकदम कळलं की मी मांजरावर सगळा भार टाकला होता. तिला रडायला लावलं, म्हणजे मी एकटी रडते आहे असं वाटायला नको.

मांजर आता मागणार नाही. माझ्याकडे ती वाचणार नाही, मी दिल्याशिवाय राहणार नाही, माझा भरवसा नाही.

पण मग वहिनी, मांजर नाही तर दादासाठी झुरणारे कोण उरले? आपण दोघीच. आणि आपण दोघी तर एकमेकींशी धड बोलतही नाही.

बेबी


२५ मे

प्रिय बेबी,

उत्तराला उशीर झाला. तुझ्या पत्राला पटकन उत्तर द्यायला जमलं नाही.

वंगीच्या पोटावर केस आलेत. आधी लव, मग आखूड, आता जवळजवळ पुरते. मध्यभागी पूर्वी नव्हता असा एक पांढरा ठिपका आलाय. डॉक्टरीण म्हणते राहील किंवा जाईल. मानेची जखम बुजली. अंगरखा काढला, धुतला आणि ठेवून दिला. पाकिटातलंच खाणं चालू आहे. मासे मात्र आता कधीच नाहीत. डॉक्टरीण म्हणाली, घरातूनही काढून टाका, वासानेसुद्धा ती छळेल तुम्हाला.

म्हणून बरणी रिकामी केली. आणि मग काल डाळ संपली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. इतके महिने दुकानातलं सामान मी चिठ्ठी पाठवून वर मागवत होते, गुडघ्यामुळे, म्हणजे गुडघ्याचं नाव सांगून. दुकानदाराने मला पाहिलं आणि काही मागायच्या आत मागच्या फळीवरून माशांची पुडी काढून गल्ल्यावर ठेवली. म्हणाला, "या वहिनी, किती दिवसांनी! मेस्त्रींचा हा माल संपला असेल. मध्ये तुमच्याकडच्या बाई न्यायच्या रोज. म्हणाल्या, दादाला हवेत. मग त्याही यायच्या बंद झाल्या. मेस्त्री कुठे आहेत? खाली उतरलेच नाहीत."

बेबी, त्याला माहीतच नव्हतं. हे इस्पितळातून परत आलेच नाहीत, आणि नंतर लोक भेटायला आले ते आमच्या मागच्या बाजूच्या दाराशी, त्याच्या दुकानातून ते दिसत नाही. मी चिठ्ठीत मासे लिहीत राहिले, तो बांधून देत राहिला. त्याच्या हिशेबी हे वर बसून जेवत होते. मग मी बंद केले, तर तू जाऊन सांगितलंस, दादाला हवेत.

मला तुझा राग आला नाही. तू एकदा तोंडाने म्हणालीस. मी महिनोन् महिने चिठ्ठीवर लिहीत होते. मांजराला आवडतात म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. इतके मासे मांजर खात नाही.

तो पुडी पुढे करून उभा होता. मी म्हटलं, "नकोत. हे गेले."

तो म्हणाला, "कुठे?"

त्याला कळलं नव्हतं, आणि मला दुसरा शब्द सापडेना. मी तांदळाच्या पोत्यावर बसले. आणि मग मला रडू आलं. हळू नाही. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, ती थांबली, एका बाईने माझी पिशवी धरली. तो गल्ल्यामागून बाहेर येऊन नुसता उभा राहिला. पुडी अजून त्याच्या हातात होती. मी रडत होते आणि म्हणत होते, डाळ द्या, डाळ द्या.

किती वेळ ते माहीत नाही. पाणी प्यायले. डाळ घेऊन घरी आले. वंगी दारात होती, तिने माझ्या हातांचा वास घेतला, मासे नाहीत असं बघितलं आणि निघून गेली. तिचं बरोबर आहे.

तू विचारलंस कोण उरले. आपण दोघीच, हे खरं. त्यात मांजर नाही, मशीन नाही. तू लोकांसमोर रडत होतीस तेव्हा मी चहा विचारत राहिले, आणि तुझ्या शेजारी बसले नाही. बसायला हवं होतं.

तू ये. आठ दिवसांसाठी नको, जास्त दिवसांसाठी ये. मांजराचं काही करू नकोस, तिच्याकडे बघायला मी आहे. संध्याकाळी माझ्याजवळ बस. मी वाचेन, अडले तर थांबत जा. पुढचं सांगू नकोस.

दारातून आत येताना मात्र रुमाल झटकून दाखव. नणंद असलीस तरी तो मी तपासणार आहे.

तुझी,
वहिनी